वाच्यार्थाची उपेक्षा : अमेरिकी वाङ्मयवर्गातील प्रतीकशोधाचा इतिहास

वाङ्मयाचा अध्यापक साध्यासुध्या वाक्यातूनही काही तरी गूढ काढून दाखवतो, ही तक्रार वाटते तितकी जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी वाङ्मय हा विद्यापीठीय अभ्यासविषय म्हणून स्थिरावू लागला, तेव्हा अध्यापकांविषयीचे गाऱ्हाणे नेमके उलटे होते. ते शब्दांच्या व्युत्पत्त्या सांगतात, पाठभेद नोंदवतात, कवीच्या चरित्रातील तारखा लिहून देतात. कवितेपाशी आले की मात्र गप्प बसतात, असे ते गाऱ्हाणे होते. पानापानावर प्रतीके हुडकणारा अध्यापक ही व्यक्तिरेखा प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत जन्माला आली. ती का जन्माला आली, तिच्याविरुद्ध लेखकांनी कोणते आक्षेप घेतले आणि त्या आक्षेपांपैकी कोणते टिकतात, हे तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा वाद बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहतो : लेखकाला हा अर्थ अभिप्रेत होता काय? माझ्या मते हा प्रश्न चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतो. प्रतीकशोधाच्या सवयीने जे नुकसान केले ते लेखकाच्या हेतूचे नसून वाच्यार्थाचे आहे, आणि या नुकसानीची गंमत अशी की ज्या अध्यापनपद्धतीतून ही सवय वाढली ती मुळात वाच्यार्थाच्या रक्षणासाठीच निघालेली होती.

आय. ए. रिचर्ड्स यांनी 1920 नंतरच्या दशकात केंब्रिजमध्ये जो प्रयोग केला तो आपल्या परिचयाचा आहे. कवीचे नाव आणि काळ न सांगता त्यांनी विद्यार्थ्यांना कविता वाचावयास दिल्या, त्यांच्याकडून लेखी अभिप्राय घेतले आणि त्या अभिप्रायांचे विश्लेषण 1929 मध्ये 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या ग्रंथात मांडले. या ग्रंथाचा उल्लेख पुष्कळदा होतो, पण त्याचा पहिला निष्कर्ष विसरला जातो. काव्यवाचनातील अडचणींची जी यादी रिचर्ड्स यांनी केली तिच्यात अग्रस्थानी कवितेचा साधा, सरळ अर्थ न कळणे ही अडचण आहे. चांगल्या शाळांतून आलेल्या मुलांना वाक्याचा कर्ता कोण आणि ते कशाविषयी बोलते आहे हेच नीट उमगत नव्हते. साचेबंद प्रतिक्रिया, भावविवशता, कवितेतून उपदेश मिळालाच पाहिजे हा आग्रह, या सगळ्या अडचणी त्यानंतरच्या. म्हणजे सूक्ष्म वाचनाचा हा उपक्रम गूढार्थ काढण्यासाठी नव्हता. विद्यार्थी शब्दांवरून घसरून भलतीकडे जातो त्याला शब्दांपाशी थांबवावे, एवढाच त्याचा मूळ उद्देश होता.

हा उपक्रम अमेरिकेत गेला तो एका पाठ्यपुस्तकाच्या रूपाने. क्लिअँथ ब्रुक्स आणि रॉबर्ट पेन वॉरन यांचे 'अंडरस्टँडिंग पोएट्री' 1938 मध्ये आणि 'अंडरस्टँडिंग फिक्शन' 1943 मध्ये प्रसिद्ध झाले. कविता ही कविता म्हणूनच वाचली पाहिजे, तिचा गद्य सारांश म्हणजे ती नव्हे, चरित्र आणि इतिहास हे तिला पर्याय होऊ शकत नाहीत, ही त्यांची भूमिका. 1946 मध्ये विम्सॅट आणि बिअर्डस्ली यांनी लेखकाच्या हेतूचा दाखला समीक्षेत अप्रस्तुत ठरवणारा सुप्रसिद्ध निबंध लिहिला आणि या भूमिकेला तात्त्विक कुंपण घातले. नवसमीक्षेचा हा इतिहास येथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते तिच्या प्रसाराचे कारण, आणि ते निव्वळ वाङ्मयीन नाही.

1944 च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी सरकारी साहाय्य मिळाले. 1947 मध्ये अमेरिकी महाविद्यालयांत प्रवेश घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे हे माजी सैनिक होते आणि या योजनेखाली एकूण बावीस लाखांच्या आसपास सैनिक महाविद्यालयांत शिकले. ग्रीक-लॅटिनचा संस्कार नसलेल्या, घरी ग्रंथसंग्रह नसलेल्या या विद्यार्थ्यांना वाङ्मय कसे शिकवावयाचे? एका पानावर छापलेली एक कविता, तास-दीड तासाची चर्चा आणि पूर्वतयारीची अट नाही, ही पद्धत या वर्गाला जणू मापून शिवलेली होती. तिच्यातील लोकशाही वृत्तीला नावे ठेवण्याचे कारण नाही. शेतकऱ्याचा मुलगा आणि वकिलाचा मुलगा त्या एका पानासमोर सारखेच निःशस्त्र होते. पण मोठ्या संख्येच्या वर्गाला परीक्षा लागते आणि परीक्षेला मोजता येईल असे काही तरी लागते. विरोधाभास, उपरोध, ताण, स्वर या नवसमीक्षेच्या खऱ्या आवडीच्या गोष्टी. पण त्या वहीत उतरवून घेणे कठीण. प्रतीकाचे तसे नाही. 'अमुक म्हणजे तमुक' असे समीकरण लिहून देता येते, पाठ करता येते आणि त्याला गुणही देता येतात. एकेका कवितेची टिपणवजा उकल छापणारे 'द एक्स्प्लिकेटर' हे नियतकालिक 1942 मध्ये सुरू झाले, आणि क्लिफ्टन हिलेगस यांनी 1958 मध्ये नेब्रास्कातून शेक्सपिअरच्या सोळा नाटकांवरील मार्गदर्शिका काढून पुढे प्रचंड खपलेल्या एका मालेचा आरंभ केला. फ्रॉइड आणि फ्रेझर यांच्या ग्रंथांनी याच काळात लिंगप्रतीके आणि मरणारे-पुन्हा जन्मणारे देव यांचा साठा हाताशी आणून ठेवला होता. तळे, जिना, छत्री, मासा यांपैकी काहीही मग निरर्थक उरले नाही.

या सवयीवरील पहिला समर्थ हल्ला कादंबरीकार मेरी मॅकार्थी यांनी केला. त्यांचा 'आर्टिस्ट्स इन युनिफॉर्म' हा लेख मार्च 1953 च्या 'हार्पर्स' मासिकात आला होता. आगगाडीच्या प्रवासात ज्यूद्वेष्ट्या विचारांचा एक कर्नल भेटतो, त्याच्याशी वाद होतो, पुढे दोघे स्टेशनवर एकत्र जेवतात, असा तो प्रसंग. प्रसंग त्यांच्या स्वतःच्या प्रवासातला आणि खरा होता. पण वाचकांनी त्याला कथा मानले, आणि कथा म्हटल्यावर महाविद्यालयांतून पत्रे येऊ लागली. लेखिकेच्या अंगावरील हिरव्या रंगाच्या दोन छटा कशाच्या द्योतक? गाडीतील जोगिणी कशासाठी? लेखिकेने सँडविच मागवले आणि कर्नलने हॅश, म्हणजे मांस-बटाट्याचा खिमा, मागवला, यात काय सुचवले आहे? मॅकार्थींचे उत्तर फेब्रुवारी 1954 च्या 'हार्पर्स'मध्ये 'सेटलिंग द कर्नल्स हॅश' या शीर्षकाने प्रसिद्ध झाले. त्याचा गाभा असा : कपडे हिरवे होते कारण त्या दिवशी ते हिरवेच होते, आणि कर्नलने खिमा खाल्ला कारण त्याने तो मागवला होता.

एवढेच म्हणून त्या थांबल्या असत्या तर तो एका चिडलेल्या लेखिकेचा उद्गार ठरला असता. त्यांचे म्हणणे त्याहून पुढचे आहे. कपडे आणि जेवण यांतून माणसाचा वर्ग, आवड, मिजास हे सारे प्रकट होतेच. पण ते वाङ्मयात जसे होते तसेच जीवनातही होते, आणि ते त्या वस्तूंच्या वस्तुपणातून होते. टॉल्स्टॉयच्या 'ॲना कॅरेनिना'मधील आगगाडी हे त्यांचे उदाहरण आहे. आरंभी ॲना आणि व्रॉन्स्की यांची भेट स्टेशनवर होते, तेथेच एक रेल्वे कामगार गाडीखाली चिरडतो, आणि अखेरीस ॲना गाडीखालीच जीव देते. ही गाडी अर्थपूर्ण आहे याविषयी दुमत नाही. पण ती आधी गाडी आहे. रशियन उच्चवर्गीयांच्या येण्याजाण्याचे साधन आहे. तिचा अर्थ कथानकाच्या आतून वाढत जातो, बाहेरून चिकटवलेला नसतो. उलट प्रकार कोणता, हेही त्यांनी एका विद्यार्थिनीच्या गोष्टीतून सांगितले आहे. तिची कथा लिहून पूर्ण झाली होती. आता तिच्यात प्रतीके तेवढी घालावयाची राहिली आहेत, असे तिच्या अध्यापकांचे मत होते! येथे वर्तुळ पुरे झाले : वर्गात प्रतीके शोधली जात होती म्हणून ती कथांत पेरली जाऊ लागली.

सॉल बेलो यांनी 15 फेब्रुवारी 1959 च्या 'न्यूयॉर्क टाइम्स बुक रिव्ह्यू'मध्ये खोल वाचकांना सावधगिरीचा इशारा देणारा लेख लिहिला. अकिलीसने हेक्टरचे प्रेत ट्रॉयच्या तटाभोवती का फरफटवले, या प्रश्नावर त्यातील विद्यार्थी वर्तुळांचा सिद्धान्त मांडतो : ढाली वाटोळ्या, रथांची चाके वाटोळी, आणि वर्तुळाविषयी प्लेटो काय म्हणाला ते सर्वज्ञात आहे. अकिलीसला राग आला होता, ही साधी गोष्ट सांगण्याचे काम अध्यापकाकडे येते. (त्याच वर्षी आलेली बेलो यांची 'हेंडरसन द रेन किंग' ही कादंबरी सिंह, बेडूक, पाऊस यांनी इतकी भरली आहे की हा इशारा त्यांनी प्रथम स्वतःच्या वाचकांसाठी दिला असावा.) फ्लॅनरी ओकॉनर यांचा अनुभवही याच वर्षातला. जॉर्जियातील वेस्लियन महाविद्यालयात 'अ गुड मॅन इज हार्ड टू फाइंड' या कथेच्या वाचनानंतर एका तरुण अध्यापकाने त्यांना कथेतील खुन्याच्या काळ्या टोपीचे महत्त्व विचारले. जॉर्जियातील खेडवळ माणसे काळी टोपी घालतात, एवढे त्या म्हणाल्या. त्याने पुन्हा विचारल्यावर, ती डोके झाकण्यासाठी होती, असे उत्तर त्यांनी दिले. 1963 मध्ये फ्रेडरिक क्रूज यांच्या 'द पू परप्लेक्स'ने एका बालकथेवर सगळ्या समीक्षापंथांची विडंबने लिहून या चळवळीची यथेच्छ चेष्टा केली. पुढच्या वर्षी सुझन सोंटॅग यांचा अर्थनिर्णयनाविरुद्धचा निबंध आला. सोंटॅग यांचा निबंध अधिक गाजला हे खरे, पण अर्थाऐवजी रूपाच्या ऐंद्रिय अनुभवाकडे वळा हा त्यातील सल्ला वर्गातील अध्यापकाच्या फारसा उपयोगाचा नव्हता.

1963 मध्येच सान डिएगोतील सोळा वर्षांच्या एका शाळकरी मुलाने हा वाद थेट लेखकांपुढे नेला. ब्रूस मॅकॲलिस्टर हे त्याचे नाव. पुढे तो विज्ञानकथालेखक म्हणून ओळखला गेला. इंग्रजीच्या तासाला चालणाऱ्या प्रतीकशोधाला कंटाळून त्याने चार प्रश्नांची चक्रमुद्रित प्रश्नावली दीडशे लेखकांना पाठवली : तुम्ही जाणीवपूर्वक प्रतीके योजता का, वाचकांना नसलेली प्रतीके दिसतात का, अशा आशयाची. सुमारे निम्म्या लेखकांनी उत्तरे दिली, त्यांतील पासष्ट उत्तरे शिल्लक आहेत आणि 'द पॅरिस रिव्ह्यू'ने 2011 मध्ये त्यांतील काही प्रसिद्धीस आणली. केरुॲक यांनी नकार कळवला; आयन रँड यांनी प्रश्नातील व्याख्याच खोडून काढली; ब्रॅडबरी यांनी आपण जाणूनबुजून प्रतीके घालत नसल्याचे लिहिले; एलिसन यांनी प्रतीक कृतीतून उगवते असे म्हटले; आणि चांगली प्रतीके लेखन पुरे झाल्यावरच लेखकाच्या ध्यानात येतात, असा मेलर यांचा अभिप्राय होता. मुलाची बाजू जिंकली असे या संग्रहाविषयी बोलले जाते. पण एलिसन आणि मेलर यांची उत्तरे त्याच्या बाजूची नाहीत, आणि अध्यापकाच्याही बाजूची नाहीत. लेखक अर्थ 'घालत' नाही म्हणून अर्थ 'नसतो' असे होत नाही.

लेखकाची साक्ष किती अपुरी असते याचे नमुने अमेरिकी वाङ्मयात मुबलक आहेत. 'द ओल्ड मॅन अँड द सी' 1952 मध्ये प्रसिद्ध झाल्यावर हेमिंग्वे यांनी कलासमीक्षक बेरेन्सन यांना पत्राने तिच्यात प्रतीकात्मकता मुळीच नाही असे कळवले. पण शार्क दिसताच म्हाताऱ्याच्या तोंडून निघणारा आवाज खिळा तळहातातून लाकडात जाताना माणसाच्या तोंडून निघेल तसा होता, हे त्या कादंबरीचे निवेदनच सांगते. नंतर तो डोलकाठी खांद्यावर घेऊन चढ चढतो आणि पडतो. क्रूसाची आठवण येथे वाचकाने आणलेली नाही. याच्या उलट मेल्व्हिल. 'मोबी-डिक'मध्ये देवमाशाला कोणी रूपककथा समजू नये असा इशारा निवेदक देतो. नव्याण्णवाव्या प्रकरणात मात्र डोलकाठीवर ठोकलेल्या सोन्याच्या नाण्यासमोर एकेक खलाशी येतो आणि आपापल्या प्रकृतीप्रमाणे त्याचा अर्थ लावतो. जानेवारी 1852 मध्ये सोफिया हॉथॉर्न यांना लिहिलेल्या पत्रात, तुम्हांला दिसलेला एक सूचितार्थ माझ्या मनात नव्हता, असे मेल्व्हिल मोकळेपणाने मान्य करतो आणि त्याबद्दल आनंदही व्यक्त करतो.

तेव्हा हेतूच्या प्रश्नाने निवाडा होत नाही. दुसरा निकष हवा, आणि तो भारतीय काव्यशास्त्रात अधिक काटेकोरपणे मांडलेला आहे. व्यंग्यार्थाला काव्याचा आत्मा मानणारा आनंदवर्धनच सांगतो की प्रकाश हवा असलेला मनुष्य जसा दिव्याच्या ज्योतीची काळजी घेतो, तसा व्यंग्यार्थाची आस असलेला वाचक वाच्यार्थाविषयी आदर बाळगतो. मम्मटाने तर व्यंजना कशाकशावर अवलंबून असते याची यादीच दिली आहे : वक्ता, श्रोता, काकू, वाक्य, वाच्य, जवळची व्यक्ती, प्रस्ताव, देश, काल. ओकॉनर यांची टोपी या कसोटीवर सहज उतरते. देश जॉर्जिया, वक्ता तेथलाच. आणि त्यांच्या 'गुड कंट्री पीपल' या कथेतील नायिकेचा लाकडी पायही उतरतो. या पायाविषयी त्यांनी एका व्याख्यानात जे सांगितले ते आनंदवर्धनाच्या अगदी जवळचे आहे : तो प्रथम लाकडी पाय असतो, आणि कथा पुढे सरकते तसतसा त्याच्यात अर्थ साठत जातो, त्यामुळे पाय पळवला जातो तेव्हा वाचकाला पायापेक्षा अधिक काही गेल्याचे जाणवते. पाय लाकडी नसता, चोरता आला नसता, तर हा अर्थही नसता.

वर्गातील प्रतीकशोधात नेमके हेच घडत नाही. तेथे प्रतीक शोधतो असे म्हणत प्रत्यक्षात दार्ष्टान्तिक शोधले जाते. महानुभावांच्या 'दृष्टान्तपाठा'त आधी सूत्र, मग दृष्टान्त आणि शेवटी दार्ष्टान्तिक अशी रचना आहे. दृष्टान्तातील गोष्ट ज्याच्यासाठी सांगितली ते दार्ष्टान्तिकात उघड होते आणि गोष्टीचे काम तेथे संपते. केसोबासांनी हे कोणापासून लपवले नाही. पण ज्या कृतीने स्वतःचे दार्ष्टान्तिक दिलेले नाही तिला ते बाहेरून जोडले की कृती संपते आणि टिपण उरते. मराठीच्या वर्गांतही ही रीत इंग्रजी विभागांच्या आणि नवसमीक्षेच्या वाटेने शिरली. प्रतिमा आणि प्रतीक हे शब्द आपल्या समीक्षेचे मध्यवर्ती शब्द झाले, त्यातून मर्ढेकरांवर उत्तम लेखनही झाले. पण 'काही कविता'तील पिपातल्या उंदरांची कविता शिकवताना उंदीर म्हणजे यंत्रयुगातला माणूस असे पहिल्याच मिनिटाला सांगून टाकण्याची घाई आजही होते. पीप, पाणी, मृत्यू हे आधी पाहावे लागते. म. वा. धोंडांसारखा समीक्षक देशकालाचे बारीक तपशील हुडकत बसतो तेव्हा त्याचे काही निष्कर्ष ओढाताणीचे वाटले तरी त्याची दिशा मला अधिक विश्वसनीय वाटते.

मात्र देशकालाचा नुसता उच्चार पुरेसा नाही. दार्ष्टान्तिक शोधण्याची घाई असली की तोही हाताशी धरला जातो. याचे सर्वांत बोलके उदाहरण इंग्रजीच्या नव्हे, इतिहासाच्या तासाला घडले. हेन्री लिटलफिल्ड हे न्यूयॉर्क राज्यातील माउंट व्हर्नन येथील शाळेत शिकवत. 1963 च्या उन्हाळी वर्गात त्यांच्यापुढे 1890 नंतरच्या दशकातील चलनविषयक राजकारण शिकवण्याचा प्रश्न होता : सुवर्णचलन की रौप्य, कर्जबाजारी शेतकरी, पॉप्युलिस्ट पक्ष, 1896 ची ब्रायन विरुद्ध मॅकिन्ली ही निवडणूक. विषय रूक्ष आणि विद्यार्थी पेंगणारे. एल. फ्रँक बाउम यांच्या 1900 सालच्या 'द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ' या बालकथेत त्यांना उत्तर सापडले. पिवळ्या विटांचा रस्ता म्हणजे सुवर्णचलन. त्यावरून चालणारे डोरोथीचे चांदीचे जोडे म्हणजे रौप्य. बुजगावणे म्हणजे शेतकरी. पत्र्याचा लाकूडतोड्या म्हणजे कारखान्यातला मजूर. भित्रा सिंह म्हणजे ब्रायन. हा लेख 1964 च्या वसंतात 'अमेरिकन क्वार्टर्ली'मध्ये छापून आला. या सादृश्यांचा पाया सैद्धान्तिक आहे आणि अध्यापनाचे साधन म्हणून ती उपयोगी आहेत, असे लिटलफिल्ड यांनी त्यातच नोंदवले होते. पण ती योगायोग वाटू नयेत इतकी सुसंगत आहेत, असेही त्यांनी म्हटले होते. पहिले विधान लोक विसरले, दुसरे लक्षात राहिले.

पुढच्या पंचवीस वर्षांत हे अध्यापन-साधन ऐतिहासिक सत्य बनले. पाठ्यपुस्तकांत ते बाउम यांचा हेतू म्हणून आले, आणि 1990 मध्ये ह्यू रॉकॉफ यांनी 'जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी'सारख्या प्रतिष्ठित नियतकालिकात त्याचे चलनशास्त्रीय तपशील वाढवले. येथे वाच्यार्थाकडे पाहिले असते तर शंका यावयास हवी होती. हिरव्या रत्नांच्या नगरीत शिरताना प्रत्येकाच्या डोळ्यांवर हिरवा चष्मा कुलूप लावून बसवला जातो, म्हणून नगरी हिरवी दिसते; हा या कथेतील सर्वांत खोडकर तपशील आहे. दार्ष्टान्तिकवाद्यांनी त्याचेही समीकरण मांडून घेतले आणि त्यातला विनोद वाचला नाही. चांदीचे जोडे शेवटी वाळवंटात कायमचे हरवतात, ही गोष्ट रौप्यवादाच्या पराभवाशी जुळते म्हणून उचलली गेली. डोरोथीला घरी पोचवण्याचे काम तेच जोडे करतात हे मात्र अवघड जागेचे दुखणे ठरले. (1939 च्या चित्रपटात ते जोडे माणकांचे झाले, तेव्हा चित्रपटावर वाढलेल्या प्रेक्षकाला हा सिद्धान्त समजावताना आधी पुस्तकाकडे परत न्यावे लागते. तेवढा त्याचा उपकार.)

पुरावाही उलटा होता. 'ऑझ'ची सटीप आवृत्ती काढणारे मायकेल पॅट्रिक हर्न यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'ला पत्र लिहून दाखवले की बाउम पॉप्युलिस्ट असल्याचा आधार नाही. 1896 मध्ये त्यांनी कविता छापली होती ती मॅकिन्लीच्या बाजूची. त्यावर फेब्रुवारी 1992 मध्ये त्याच पत्रात स्वतः लिटलफिल्ड यांनी हर्न यांच्याशी सहमती दर्शवली आणि बाउम यांना पॉप्युलिस्ट विचारांचे समर्थक मानण्यास वस्तुस्थितीत आधार नसल्याचे जाहीर केले. डेव्हिड पार्कर यांनी 1994 मध्ये या अन्वयार्थाच्या उदयास्ताचा इतिहासही लिहिला. अस्त हा शब्द पार्कर यांनी जरा लवकर वापरला. विद्वानांच्या नियतकालिकांतून सिद्धान्त मावळला तरी वर्गांतून तो गेला नाही; कारण 1896 ची निवडणूक विद्यार्थ्यांच्या लक्षात राहावी म्हणून अध्यापकांना त्याहून सोयीचे साधन मिळालेले नव्हते, आणि त्या निवडणुकीवरील प्रश्नाला गुण होते.